मिक्सर ठेवून जाऊ नका, शेजारी बसा

सांगलीत आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये महिन्यातल्या एका रविवारी आम्ही काही जण टेबलं टाकून बसतो, लोक बंद पडलेले मिक्सर, इस्त्र्या, फॅन, शिलाई मशीन घेऊन येतात आणि जमेल ते आम्ही फुकट दुरुस्त करतो, एवढंच मागच्या अंकात जाता जाता लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप आले की संपादक म्हणाले, ताई, या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच द्या. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं मुद्दाम गाळलीत.

ताई, आमच्या अपार्टमेंटमध्ये हे सुरू करायचं चाललंय. सामान काय काय लागेल? आणि लोक येतील का? – एक वाचक, विश्रामबाग

लोकांचं टेन्शन घेऊ नका. प्रत्येकाच्या माळ्यावर एक तरी मिक्सर पडलेला असतो, फेकवत पण नाही आणि दुकानात न्यायला सवड पण नाही. पहिल्या खेपेला दहा घरं जरी आली तरी तुमची दमछाक होईल.

सामान फार नाही. मल्टिमीटर, टेस्टर, स्क्रू ड्रायव्हरचा बरा सेट, पक्कड, सोल्डरिंग आयर्न, टेप, मशीनचं तेल, जुने टूथब्रश. पण पैसे आधी खर्च करायचे ते दोन गोष्टींवर. एक म्हणजे आरसीसीबी लावलेला एक्स्टेन्शन बोर्ड, ३० मिलिअ‍ॅम्पवाला, म्हणजे कुणाला शॉक बसायची वेळ आलीच तर तो लगेच ट्रिप होऊन लाईट तोडतो. दुसरा सिरीज बोर्ड, जो कुठलाही वायरमन अर्ध्या तासात बनवून देईल. त्यात शंभर वॉटचा जुना पिवळा बल्ब लागतो, एलईडी अजिबात चालत नाही, आणि आलेली वस्तू आधी त्या बोर्डावर लावायची, आत शॉर्ट असेल तर धडाम करून फ्यूज उडायच्या ऐवजी नुसता बल्ब पेटतो आणि आपल्याला कळतं की बाबा हिला सरळ लाईटवर लावायचं नाही. शंभर वॉटचा पिवळा बल्ब आता सहज मिळत नाही, दिसला की दोन घेऊन ठेवा.

दुरुस्त्या बऱ्याचदा इतक्या फालतू असतात की हसू येतं. मिक्सर बंद पडला म्हणून आणतात आणि खालचं लाल बटण दाबलं की सुरू, चटणीला लोड आला की ते आपोआप ट्रिप होतं आणि हे बटण असतं हेच कित्येकांना माहीत नसतं. फॅन हळू फिरतो, कॅपेसिटर कमजोर झालेला असतो. इस्त्री तापत नाही, वायर हँडलमध्ये शिरते तिथंच वाकून वाकून आतून तुटलेली असते. मिक्सरमधून ठिणग्या आणि जळका वास येतोय, कार्बन ब्रश झिजलेत. शिलाई मशीन जड चालतंय, आत वर्षानुवर्षांचं सुकलेलं तेल आणि दोऱ्याचा भुसा.

काय घ्यायचं नाही ते पहिल्याच दिवशी मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावा. मायक्रोवेव्ह नाही म्हणजे नाही, प्लग काढला तरी आतल्या कॅपेसिटरमध्ये हजारो व्होल्ट शिल्लक राहू शकतात, चांगल्या हाताच्या माणसाचा पण जीव जाईल. गॅसचं काहीच नाही, रेग्युलेटर, पाईप, गॅस गिझर, सगळं एजन्सीकडं. कुकरची रिंग आणि शिट्टी बघा, पण सेफ्टी व्हॉल्व्ह गेला असेल तर त्याच कंपनीचा नवाच बसवायचा, तिथं काहीतरी ठोकून भोक बुजवणारे महाभाग असतात त्यांना हात जोडून परत पाठवा.

आम्ही चार-पाच वेळा केलं, पण आता लोक वस्तू टाकून निघून जातात आणि दुपारी न्यायला येतात. एकानं तर फोन करून "झालं का वो आमचं?" असं विचारलं. आम्ही फुकटचे नोकर झालोय असं वाटतंय. बंद करू का? – एक वाचक, विटा

बंद करू नका, नियम करा. आमच्याकडं एकच नियम कडक आहे, बाकी सगळं ढिलं. ज्याची वस्तू त्यानं शेजारी बसायचं. बसायला वेळ नसेल तर पुढच्या महिन्यात या, वस्तू ठेवून घेत नाही. आमदारांचा माणूस आला तरी हेच.

हे ऐकायला आखडूपणा वाटतो पण सगळा जीव त्यातच आहे. एक तर माणूस शेजारी असला की निम्मं निदान तोच सांगतो, कधी बंद पडलं, आधी आवाज कसला यायचा, पडलं होतं का, पाणी गेलं होतं का. दुसरं, त्याच्या हातात स्क्रू ड्रायव्हर देता येतो. तुम्ही फक्त दाखवायचं, खोलायचं त्यानंच. पहिल्यांदा लोक घाबरतात, अहो मला नाही जमणार म्हणतात, मग चार स्क्रू काढल्यावर आत डोकावतात आणि "एवढंच असतं व्हय आत?" असं म्हणतात, आणि एकदा हे म्हणाले की पुढच्या वेळी ते वस्तू घेऊन नाही तर हात घेऊन येतात. आमच्याकडं आता शिलाई मशीन बघणाऱ्या दोघी अशाच आल्यात, स्वतःचं मशीन घेऊन आल्या होत्या आणि टेबलाच्या पलीकडच्या बाजूला कधी गेल्या ते त्यांनाही कळलं नाही.

आणि तिसरं म्हणजे शेजार. तुम्ही लिहिलंय की उद्देश ओळखी वाढवण्याचा होता आणि त्या वाढत नाहीत. कशा वाढतील, माणूसच नाही तिथं, नुसता मिक्सर आहे. सोल्डरिंग आयर्न तापेपर्यंत, इस्त्री गार होईपर्यंत, स्क्रू कुठं पडला ते शोधेपर्यंत जो वेळ जातो ना, त्यात गप्पा होतात. आमच्या इथं पार्किंगवरून एकमेकांचं तोंड न बघणारी दोन घरं आहेत, नावं सांगत नाही, दोघंही वाचतात हा कॉलम. त्यातल्या एकाच्या फॅनचा खटका दुसऱ्यानं बदलून दिला. पार्किंगचं भांडण मिटलं असं काही नाही हां, गाडी अजून तशीच आडवी लावतात, पण आता निदान बेल वाजवून "काढा की जरा" म्हणतात, आधी सरळ सेक्रेटरीकडं लेखी तक्रार जायची.

चहा ठेवा. मात्र चहा करायचं काम बायकांकडं आणि खोलायचं काम पुरुषांकडं अशी वाटणी पहिल्या दिवशी झाली की ती कायमची होते, हे मी आयटीआयमध्ये शिकवताना फार बघितलंय. चहाची पाळी सगळ्यांची.

ताई, राग मानू नका पण स्पष्ट लिहितो. माझं मिक्सर-फॅन रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे. तुम्ही पेन्शनवाले लोक फुकट करून देणार, मग आम्ही काय करायचं? – एक दुकानदार, मिरज

राग कसला दादा, हा प्रश्न पहिल्यांदा आम्हालाच पडायला पाहिजे होता. आणि मला अजिबात असं म्हणायचं नाही की तुमचं काही नुकसान होत नाही. बिनविचारानं केलं तर होतंच. म्हणून आम्ही काय करतो ते सांगते, पटलं तर बघा.

एक तर हे महिन्यातून एकदा, दुपारपर्यंत. रोज उघडलं तर ते दुकानच झालं, आणि तेही भाडं न भरणारं. दुसरं, धंद्याच्या वस्तू घेत नाही, वडापावच्या गाडीवरचा मिक्सर किंवा ब्लाऊज शिवून पोट भरणाऱ्या बाईचं मशीन ही तुमचीच गिऱ्हाइकं. तिथं गॅरंटी लागते, आज दिलं आणि आज पायजे असतं, ती आम्ही देऊ शकत नाही. तिसरं, मोटरचं वाइंडिंग, टीव्ही-वॉशिंग मशीनचे बोर्ड, फ्रिजचा गॅस यातलं काही आम्ही हातात घेत नाही, निदान करून चिठ्ठी लिहून दुकानात पाठवतो. हॉलच्या दारावर जवळच्या दुकानांची यादी लावलीय. आणि पार्ट सगळे लोकल दुकानातूनच, ऑनलाइन मागवत नाही, दोन रुपये स्वस्त मिळाले तरी नाही.

आमच्याकडं येतं काय हेही बघा. ज्या इस्त्रीची दुरुस्ती आणि नवी इस्त्री यात फारसा फरक उरत नाही ती तुमच्याकडं येतच नव्हती, ती भंगारात जात होती. ती आमच्या टेबलावर येते. आणि उलटं पण होतं, मिक्सर खोलून बघितलेला माणूस एकदम नवा घ्यायच्या आधी दुकानात विचारतो. तुमची खरी मारामारी आमच्याशी नाही दादा, दर दिवाळीला एक्स्चेंज ऑफर लागते तिच्याशी आहे.

एक गोष्ट मात्र मी आमच्याही लोकांना ठणकावून सांगते. दुकानदाराला "तुम्ही पण या की सेवा म्हणून" असं म्हणायचं नाही. त्याचा हातच त्याचं पोट आहे. आठवड्याची एक सुट्टी त्यानं आमच्यासाठी फुकट का घालवावी? त्याला शिकवायला बोलावलं तर मानधन द्यायचं, वर्गणी काढून द्यायचं. तुमच्याच मिरजेत सतार-तंबोऱ्याचे जे कारागीर आहेत त्यांचे पूर्वज शिकलगार, हत्यारांना धार लावणारे, ते वाद्यांकडं वळले ते मोडलेली वाद्यं दुरुस्त करता करता, आणि २०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला. दुरुस्ती करणाऱ्याला आपण "मेकॅनिक आहे" म्हणून हलक्यात घेतो, ते आधी बंद व्हायला पाहिजे.

हे सगळं परदेशी फॅड दिसतंय. आपल्याकडं शेजारधर्म होताच की, त्याला कॅफे-बिफे नाव कशाला? – एक निवृत्त शिक्षक, सातारा

सर, आम्ही कॅफे म्हणत नाही, रविवारची दुरुस्ती म्हणतो. पण श्रेय ज्याचं त्याला द्यावं. मार्टिने पोस्टमा नावाच्या डच बाईंनी ऑक्टोबर २००९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला पहिलं रिपेअर कॅफे भरवलं, आता जगभरात अडीच हजारांच्या वर आहेत, आपल्या बंगळुरूत २०१५ पासून चालतं. तिकडची अडचण वेगळी होती, दुरुस्तीची मजुरी एवढी महाग की कुणी दुरुस्त करायच्या भानगडीतच पडत नव्हतं. आपल्याकडं चौकाचौकात माणूस बसलेला आहे, म्हणून तर वरच्या दुकानदार दादांचा प्रश्न आपल्याला जास्त लागू होतो.

आपल्याकडं होतंच म्हणता, तर इर्जिक होती, हे बरोबर. एकाच्या रानात सगळ्यांची औतं जायची, तो जेवायला घालायचा, पुढच्या वेळी दुसऱ्याच्या रानात. पैसा नाही, पण हिशोब असायचा, तुमच्याकडं आलो तर तुम्ही यायचं. मला ते मॉडेल आवडतं, आमच्याकडं पण मिक्सर नीट करून घेतलेल्या काकू बदल्यात साड्यांना फॉल लावून देतात. पण त्याच दमात लोक बलुतेदारीचं गोड कौतुक करायला लागतात तिथं मी थांबते. लोहार-सुतारानं वर्षभर राबायचं आणि सुगीला कुणाच्या तरी मर्जीनं धान्य घ्यायचं, आणि पोरानं पण तेच करायचं, याला शेजारधर्म म्हणत नाहीत. आमच्या टेबलावर कुणीही कुठल्याही बाजूला बसू शकतं.

मी डिप्लोमा इलेक्ट्रिकल सेकंड इयरला आहे. थिअरी येते पण मिक्सर कधी खोललेला नाही. मला घेतील का, की हसतील? – एक विद्यार्थी, कऱ्हाड

हसतील थोडं. जा. पहिल्या वेळी फक्त वही घेऊन बस, वस्तू, तक्रार, काय निघालं, काय केलं, एवढं लिहायचं. हे काम कुणालाच आवडत नाही आणि सगळ्यात उपयोगाचं तेच आहे, सहा महिन्यांनी त्या वहीवरून कळतं कुठले पार्ट आणून ठेवायचे. मग हळूच मल्टिमीटर हातात येईल. म्हातारी माणसं हातानं हुशार असतात, पण डोळ्यांना बारीक दिसत नाही, तुझे डोळे आणि त्यांचा हात अशी जोडी लाव. तुमच्या जिल्ह्यात कर्मवीर अण्णांनी १९१९ ला तुझ्या कऱ्हाडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली, कमवा आणि शिका तिथलंच, त्यामुळं हात काळे करून शिकण्याची लाज वाटायचं कारण नाही. आणि किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० चा असला तरी किर्लोस्कर भावांची सुरुवात बेळगावात सायकलच्या दुकानापासून होती. आमच्या टेबलावर सायकल आली की मी पोरांना हे मुद्दाम सांगते, तेवढीच पंक्चर काढायला मजा येते.

दुरुस्त केलेल्या वस्तूचा कुणाला शॉक बसला तर जबाबदार कोण? माझे मिस्टर म्हणतात फुकटच्या उपद्व्यापात पडू नको. – एक वाचक, सातारा

मिस्टरांचं चुकत नाहीये. ओळखीचं आहे, फुकट आहे म्हणून सेफ्टीला सूट नाही. आम्ही आल्या आल्या एका कागदावर सही घेतो की वस्तू मी स्वतःच्या जबाबदारीवर आणली आहे, शेजारी बसून बघितली आहे, गॅरंटी नाही. हा कागद मुख्यतः लोकांनी सिरीयसली घ्यावं म्हणून आहे, कोर्टात तो किती टिकेल ते ओळखीच्या वकिलांना विचारून ठेवा.

कागदापेक्षा तपासणी महत्त्वाची. धातूची बॉडी असलेली वस्तू, म्हणजे इस्त्री, हीटर, टेबल फॅन, परत देण्याआधी मल्टिमीटरनं प्लगच्या मोठ्या पिनपासून बॉडीपर्यंत कंटिन्युइटी, म्हणजे अर्थिंगची वायर सलग आहे का, ती बघायची. ती नसेल तर बाकी कितीही छान चालू दे, वस्तू द्यायची नाही. मग बाकीच्या दोन पिना आणि बॉडीमध्ये गळती आहे का, मग सिरीज बोर्डावर, मग आरसीसीबीवर, आणि हे दुसऱ्या माणसानं करायचं, ज्यानं दुरुस्त केली त्यानं नाही. थ्री पिनची मोठी पिन कापून टू पिनच्या सॉकेटमध्ये घुसवलेले प्लग भरपूर येतात, ते तिथंच बदलायचे, विचारायचं पण नाही. बाथरूममधलं काहीही घेऊ नका, इमर्शन रॉड तर बघायला पण नको.

आमचं घर गावभागात. पुराचं पाणी आलं की सगळं भिजतं. तुमच्यासारख्या ग्रुपचा त्यात काही उपयोग? – एक वाचक, सांगली

आहे, आणि निम्मा उपयोग पाणी यायच्या आधी आहे. आपल्याकडं पूर रात्रीत डोक्यावर येत नाही, आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी तासातासाला कळते, ४० फूट इशारा, ४५ धोका. २०१९ च्या ऑगस्टला ५७ च्या वर गेलं होतं. तेव्हा ४० ला पोचायच्या आतच ग्रुपनं कामाला लागायचं. कुठल्या घरात खाली फ्रिज आहे, कुठं म्हातारी माणसं एकटी आहेत, कुणाचं शिलाई मशीन हेच उत्पन्न आहे, ही यादी मे महिन्यात तयार पाहिजे, आणि ती यादी ज्या ग्रुपकडं आहे तोच उचलायला येतो. रविवारच्या टेबलाला बसून ज्यांचं घर कळलंय त्यांच्याकडंच पोरं आधी पळतात, हे उघड आहे.

पाणी ओसरल्यावर पहिली गोष्ट, काहीही लावून बघायचं नाही. "चालू होतंय का बघू" यातच माणसं आणि मोटरी दोन्ही जातात. भिजलेले स्विच, सॉकेट, एमसीबी वाळवून वापरायचे नाहीत, बदलायचे, वायरिंग वायरमनकडून तपासून घेतल्याशिवाय मेन चालू नाही. मिक्सर, फॅन, पाण्याची मोटर यात गाळ बसतो आणि तो वाळला की दगड होतो, म्हणून उलटं वाटेल पण आधी खोलून स्वच्छ पाण्यानं गाळ धुवायचा आणि मग चांगले बरेच दिवस वाळवायचं. त्यानंतर ५०० व्होल्टच्या मेगरनं, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या मीटरनं, इन्सुलेशन बघायचं, एक मेगाओमच्या खाली असेल तर अजून वाळवा, लाईट द्यायची नाही. मेगर प्रत्येकानं घ्यायची गरज नाही, चार गल्ल्यांत मिळून एक पुरे.

शिलाई मशीनची घाई करा, ती सगळ्यात जास्त वाचणारी वस्तू आहे आणि सगळ्यात लवकर गंजणारी पण. रॉकेल मिळालं तर रॉकेलनं, नाहीतर डिझेलनं धुवून, पुसून, प्रत्येक भोकात तेल, आणि चाक रोज हातानं फिरवायचं. फ्रिज, टीव्ही, इन्व्हर्टर यात आम्ही पडत नाही, दुकानात. आणि एक, पंचनामा व्हायच्या आधी धुवायची घाई करू नका, निदान फोटो तरी काढून ठेवा.

बॅटरीच्या फवारणी पंपाचा चार्जर गेला, कंपनी म्हणते पार्ट नाही, नवा पंप घ्या. – एक शेतकरी, तासगाव

भाऊ, आधी चार्जरवर लिहिलेले व्होल्ट आणि अ‍ॅम्प बघा. तेवढ्याच व्होल्टचा, त्याच प्रकारच्या बॅटरीचा आणि पिन बसणारा चार्जर बाजारात मिळतो, अ‍ॅम्प मात्र बॅटरीला चालतील तेवढेच पायजेत. लेड अ‍ॅसिडचा चार्जर लिथियमला लावायचा नाही, आग लागते. पार्टच्या तक्रारीसाठी केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ ला राईट टू रिपेअरचं पोर्टल काढलंय, शेतीची अवजारं त्यात आहेत, तुमची कंपनी आहे का बघा, मॅन्युअल आणि सर्व्हिसची माहिती तिथं मिळते. नाहीच दाद लागली तर १९१५ ला फोन करा, ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोललं तरी चालतं. बिल जपून ठेवलं असेल तर बरं.

मुलाचा जुना मोबाईल फुगलाय, पाठ उघडलीय. रविवारी घेऊन येऊ का? – एक आई, माधवनगर

नको. चार्जिंगला लावू नका, दाबून बंद करायचा प्रयत्न करू नका, टोचू तर अजिबात नका. पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू घालून त्यात ठेवा, घरातल्या पडद्या-कपड्यांपासून लांब, आणि ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत सेंटरला किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला द्या, कचऱ्याच्या गाडीत टाकू नका. रविवारी मुलाला मात्र पाठवा, त्याला बॅटरी नसलेलं काहीतरी खोलायला देऊ.